माळ्यावरची बंदूक : तिचें मोल करावें कसें ?

खानदेशांतील जुन्या वाड्यांत वाटणीचा प्रसंग आला, म्हणजे सोन्यानाण्याचा, भांड्याकुंड्यांचा आणि शेताशिवाराचा हिशेब लागावयास फारसा वेळ लागत नाहीं. सोनें कांट्यावर चढतें, जळगांवच्या सराफ बाजारांत त्या दिवशींचा भाव विचारला कीं आंकडा तयार होतो. तांब्यापितळेचीं भांडीं मोडीच्या भावानें धरतां येतात. शेताला सातबाराचा उतारा असतो. परंतु माळ्यावरच्या अडगळींतून, मळक्या फडक्यांत गुंडाळलेली, आजोबांच्या किंवा त्यांच्याहि आजोबांच्या वेळची बंदूक खालीं उतरली, कीं सारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. कोणी म्हणतो, "भंगाराच्या भावानें जाईल." कोणी म्हणतो, "अहो, विलायतेंत अशा बंदुकीला कोटी रुपये येतात !" आणि घरांतील वडील काकू म्हणतात, "दसऱ्याला ती पुजली जाते. तिचा भाव कसला करतां ?" तिघांच्याहि म्हणण्यांत थोडथोडें तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न सोडविणें कठीण जातें.

खानदेशांतीलच एका परिचित घराण्यांत तीन भावांच्या वाटण्या चालल्या असतां एका जोडनळी बंदुकीवरून दोन महिने बोलणें तुटलें होतें. थोरल्यांना ती सांभाळावयाची होती. मधल्यांचें म्हणणें, "सांभाळा, पण किंमत लावून आमचा वाटा द्या." धाकट्यांच्या पत्नीला, घरांत मुलें वावरत असतां, ती वस्तु डोळ्यांसमोरच नको होती. आम्हांस मध्यस्थ म्हणून बोलावण्यांत आलें. त्या निमित्तानें जें पाहिलें, विचारलें आणि ताडून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

सर्वांत आधीं एक गोष्ट, आणि ती मोलाची नव्हे, जिवाची आहे. ठासणीच्या बंदुकींत बार भरलेला आहे कीं नाहीं, हें बाहेरून पाहून कळत नाहीं. पूर्वी चोराचिलटांच्या भीतीनें बार भरून बंदूक खुंटीला टांगून ठेवीत, आणि कित्येकदां तो काढावयाचा तसाच राही. काळी दारू कोरडी राहिली, तर पिढ्या उलटल्यावरहि पेट घेऊं शकते. म्हणून माळ्यावरून उतरलेली प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असें समजून वागावें. नळीचें तोंड माणसाकडे करूं नये, घोडा ओढून पाहूं नये, जवळ दिवा किंवा उदबत्ती नेऊं नये. जाणता कारागीर गज नळींत सोडून तो किती आंत जातो हें मोजतो, आणि तेंच माप बाहेरून नळीला लावून पाहतो. गज बुडापर्यंत न पोंचतां अलीकडेच अडला, तर आंत कांहींतरी आहे हें निश्चित. हें काम घरच्या मंडळींनीं हौसेनें करूं नये.

दुसरी गोष्ट कायद्याची. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें ठिकठिकाणीं हत्यारें काढून घेतलीं, आणि १८७८ च्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा गुन्हा ठरविला. त्या कायद्याच्या जागीं १९५९ चा शस्त्र कायदा आला, व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आहे. त्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या घाटणीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे. परंतु ती सूट वाचतांना पुष्कळांची फसगत होते. नुसतें जुनें असणें पुरत नाहीं. दुरुस्ती करून किंवा न करतां, कोणत्याहि प्रकारें ज्याचा अग्निशस्त्र म्हणून उपयोग होऊं शकत नाहीं, अशाच शस्त्राला ती सूट आहे. घोडा तुटलेला आहे, पण लोहाराकडून बसवितां येतो, अशी बंदूक सुटत नाहीं. तेव्हां "शंभर वर्षांची आहे, हिला परवाना कशाला ?" हें आपण आपल्याशींच ठरवूं नये, अधिकाऱ्यांकडून लेखी खुलासा घ्यावा.

परवाना हा बंदुकीबरोबर भिंतीवर टांगलेला नसतो, तो माणसाच्या नांवाचा असतो. परवानाधारक वारला कीं वारसांकडे ती वस्तु राहणें कायदेशीर उरत नाहीं. विनाविलंब ती जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे ठेवावी लागते. तशी ठेवली, म्हणजे वारसाला आपल्या नांवें परवाना मागतां येतो, किंवा परवाना असलेल्या गिऱ्हाइकाला ती विकून पैसे घेतां येतात. ठरलेल्या मुदतींत कांहींच केलें नाहीं, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या हुकुमानें ती सरकारजमा होऊं शकते. २०१६ च्या नियमांप्रमाणें परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्यानें शस्त्र पंचवीस वर्षें बाळगलें, तर हयातींतच वारसाच्या नांवें तें करण्याची सोय आहे. वडील मंडळींनीं ही सोय अवश्य ध्यानांत घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रें बाळगतां येतात, आणि वारशानें आलेलें शस्त्रहि त्या दोहोंतच मोजलें जातें.

वर सांगितलेल्या घराण्यांत परवाना वडिलांच्या नांवें होता, आणि वडिलांना जाऊन सहा वर्षें झालीं होतीं ! म्हणजे किमतीवरून ज्या वस्तूसाठीं भाऊ भांडत होते, ती सहा वर्षें घरांत बेकायदा पडून होती, आणि त्यांतून वाटणीला पैसा येण्याऐवजीं खटला येण्याचा संभव अधिक होता. हें ऐकल्यावर तिघेहि प्रथमच एका बाजूचे झाले. वकिलांना बरोबर घेऊन त्यांनीं बंदूक ठाण्यांत जमा केली व पावती घेतली. मोलाचा प्रश्न खऱ्या अर्थानें त्यानंतर सुरू झाला.

मोल करावयाचें तर प्रथम वस्तु ओळखली पाहिजे. खानदेशांत हत्यारांना तोटा पडण्याचें कारण नव्हतें. १८१८ च्या फेब्रुवारींत तापीकांठच्या थाळनेरच्या गढीवर इंग्रजी फौज चालून आली आणि तेथें मोठी कत्तल झाली. १८२५ सालीं आऊट्रम या तरुण अधिकाऱ्यानें भिल्लांची पलटण उभारली. तिचें ठाणें धरणगांवीं होतें. १८५७-५८ त खाज्या नाईक, भीमा नाईक यांनीं सातपुड्यांत उठाव केला, आणि १८५८ च्या एप्रिलांत अंबापाणी येथें मोठी लढाई झाली. पुढें निःशस्त्रीकरणांत पुष्कळ हत्यारें गेलीं. जीं उरलीं, त्यांत इनामदार, पाटील यांना परवान्यानें मिळालेलीं आणि डुकरांपासून पीक राखण्यासाठीं शेतकऱ्यांनीं घेतलेलीं अशींच बहुधा सांपडतात.

बंदुकीची जात तिच्या कळेवरून कळते. जळत्या तोड्यानें रंजक पेटविणारी ती तोड्याची बंदूक. देशी कारागीर ती एकोणिसाव्या शतकांतहि करीत. गारेच्या ठिणगीवर चालणारी ती चकमकीची. ठिणगीऐवजीं स्फोटक द्रव्याच्या आघातानें बार उडविण्याचा शोध फोर्साइथ नांवाच्या स्कॉटिश पाद्र्यानें लावला व १८०७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्यांतून पुढें तांब्याची टोपी निघाली, आणि इंग्रजी फौजेंत १८४० च्या सुमारास टोपीची बंदूक रुळली. नंतर १८६० च्या पुढें मागून भरावयाची काडतुसी बंदूक सर्रास झाली. हा क्रम ध्यानांत ठेवला तर घरांतल्या अर्ध्या दंतकथा आपोआप गळून पडतात. "ही आमच्या खापरपणजोबांनीं थाळनेरच्या गढींत चालविली," असें कोणी सांगूं लागलें आणि बंदूक काडतुसी निघाली, तर खापरपणजोबांच्या शौर्याबद्दल शंका न घेतांहि, त्या बंदुकीबद्दल ती घ्यावीच लागते.

त्यानंतर पाहावयाच्या त्या खुणा. कंपनी सरकारच्या हत्यारांवर हृदयाच्या आकाराची, कंपनीच्या नांवाचीं अक्षरें असलेली मोहोर असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभानंतर तिच्या जागीं मागच्या पायांवर उभा असलेला सिंह दिसूं लागतो. मुकुटाखालीं 'व्ही. आर्.' हीं अक्षरें असलीं, तर काळ राणी व्हिक्टोरियाचा, म्हणजे १८३७ ते १९०१ मधला. कळेच्या पाटीवर 'टॉवर' हा शब्द असला, तरी ती बंदूक लंडनच्या किल्ल्यांतच घडली असें नव्हे. तो सरकारी कोठाराचा शिक्का आहे. विलायती खाजगी बंदुकींच्या नळीच्या पोटाशीं परीक्षागृहाचे बारीक ठसे असतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ सालीं सनद मिळाली, व बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालीं निघालें. हे ठसे सराफाच्या कसासारखे आहेत : नळी जादा बार भरून तपासली आहे आणि कोणत्या दारूसाठीं ती योग्य आहे, हें ते सांगतात. पिळाच्या नळ्यांवर सुंदर जौहर दिसतो, परंतु ज्या नळ्या काळ्या दारूसाठींच तपासल्या आहेत, त्यांत आजचें बिनधुराचें काडतूस घालणें म्हणजे नळी फुटून हात गमावणें होय.

'बारा बोअर' हा शब्द आपण सर्रास वापरतों. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी. म्हणून वीस बोअर हें मोठें नसून लहान माप आहे. हें ठाऊक नसल्यामुळें वीसाची बंदूक बाराच्या दीडपट किमतीची धरणारे गृहस्थहि आम्हीं पाहिले आहेत.

ओळख पटल्यावर स्थिति. अमेरिकेंतील नॅशनल रायफल असोसिएशननें शस्त्रांची स्थिति सांगण्यासाठीं पायऱ्या ठरवून दिल्या आहेत, व जगांतले संग्राहक त्या मानतात. त्यांत ध्यानांत घेण्यासारखें हें, कीं अलीकडच्या शस्त्रांसाठीं एक मोजपट्टी आहे आणि पुराण्यांसाठीं निराळी. सव्वाशें वर्षांच्या बंदुकीला थोडा गुळगुळीत गंज असला, एखादा किरकोळ भाग बदललेला असला, तरी ती 'चांगली' या पायरीवर बसते. संग्राहक विचारतो तें इतकेंच : मूळचें किती उरलें आहे ? नळी, कळ, दस्ता हे एकाच बंदुकीचे आहेत काय ? त्यांवरचे अनुक्रमांक जुळतात काय ? कोरीव अक्षरांच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत काय ?

येथेंच आपल्या घरांतून सर्वांत मोठें नुकसान होतें, आणि तें प्रेमानें होतें. आमच्या त्या घराण्यांत जाणकार येणार म्हणून एका उत्साही पुतण्यानें, जमा करण्यापूर्वीं, पॉलिश कागदानें नळ्या घांसून आरशासारख्या केल्या होत्या आणि दस्त्याला चकचकीत रोगण दिलें होतें ! जाणकारांनीं पुढें ती पाहिली, तेव्हां कांहीं वेळ ते बोललेच नाहींत. नळ्यांवरचा जौहर पुसट झाला होता, आणि घडविणाऱ्याच्या नांवाचीं अर्धीं अक्षरें वाचतां येत नव्हतीं. "मुला, शंभर वर्षांच्या हवेनें जें केलें, तें तूं एका दुपारीं पुसलेंस," एवढेंच ते म्हणाले. सोनें उजळल्यानें त्याचा भाव कमी होत नाहीं ; जुनें लोखंड उजळल्यानें होतो. म्हणून मोल होईपर्यंत घांसूं नये, रंगवूं नये, सुटा भाग टाकूं नये. कोरड्या मऊ कापडानें धूळ पुसावी, इतकेंच पुरे.

आतां मागणीकडे वळूं. एकच वस्तु दोन देशांत दोन भावांची कां असते, याचें बंदूक हें उत्तम उदाहरण आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर आपल्या सरकारनें परदेशी बंदुका-पिस्तुलांची खुली आयात थांबविली. त्यामुळें देशांत जीं विलायती पिस्तुलें व रिव्हॉल्व्हरें आधींच होतीं, त्यांचीच हातोहात विक्री होत राहिली, आणि परदेशांत ज्याला फारसें कोणी विचारीत नाहीं, त्यालाहि येथें मोठी किंमत येऊं लागली. उलट मोठ्या शिकारीच्या जोडनळी रायफली, ज्यांना परदेशांत संग्राहक अतोनात पैसे मोजतात, त्यांना येथें गिऱ्हाईक थोडें. कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें युग संपलें, आणि त्यांचीं काडतुसेंहि मिळत नाहींत. मग ती परदेशांत पाठवावी म्हटलें, तर १९७२ सालच्याच पुराणवस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील पुराणवस्तु खाजगी माणसाला देशाबाहेर नेतां येत नाहीं. म्हणून लंडनच्या लिलावाचा आंकडा वाचून शिंदखेड्याच्या किंवा अमळनेरच्या वाड्यांत वाटणी मांडूं नये. पीक राखण्याच्या साध्या देशी ठासणीच्या बंदुका तर पुष्कळ आहेत. त्यांचें मोल जिव्हाळ्याचें, बाजाराचें थोडें.

मग कोटींच्या गोष्टी खोट्या काय ? नाहींत. २०१५ सालीं लंडनमध्यें टिपू सुलतानाच्या शस्त्रागारांतील एक चकमकीची बंदूक सात लाख पौंडांहून अधिक किमतीस गेली. २०२१ सालीं अमेरिकेंत एक कोल्ट रिव्हॉल्व्हर साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकलें गेलें. त्या नमुन्याचीं रिव्हॉल्व्हरें त्या कारखान्यानें पहिल्या काळांतच साडेतीन लाखांवर केलीं होतीं. मग ह्या एकालाच एवढी किंमत कां ? कारण पॅट गॅरेट नांवाच्या अधिकाऱ्यानें 'बिली द किड' या कुप्रसिद्ध दरोडेखोराला १८८१ सालीं ज्यानें मारलें, तें हेंच, हें कागदोपत्रीं सिद्ध करतां आलें. किंमत लोखंडाला आली नाहीं, कागदाला आली.

ही गोष्ट खानदेशच्या माणसाला कोणी निराळी शिकवावयास नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून, फडताळांतून, वाण्याच्या पुड्या होण्याच्या वाटेवर असलेलीं दप्तरें सोडविलीं. १९२६ च्या अखेरच्या दिवशीं धुळ्यांत त्यांचा देह पडला, आणि १९२७ च्या जानेवारींत त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्याच शहरांत उभें राहिलें. कागदावांचून वस्तु मुकी असते, हाच त्यांच्या आयुष्याचा धडा होय. घरांत बंदूक सांपडली, तर तिच्याहून आधीं तिचें दप्तर शोधावें : जुना परवाना, खरेदीची पावती, बक्षीसपत्र, फोटो, एखाद्या पत्रांतील ओझरता उल्लेख. घराण्यांत चालत आलेली हकीकत वडील माणसांकडून विचारून, सांगणाऱ्याचें नांव व तारीख घालून लिहून ठेवावी. कांहीं जुने कारखाने आजहि अनुक्रमांकावरून आपलीं दप्तरें पाहून, वस्तु केव्हां व कोणाकडे पाठविली, तें लेखी कळवितात. कोल्टचा कारखाना त्यांपैकींच आहे. परंतु कागद आणि कळ यांची साक्ष एकमेकींशीं जुळली पाहिजे. नुसत्या कोरलेल्या नांवावर विसंबूं नये. प्रसिद्ध कारागिरांचीं नांवें खोटीं कोरण्याचा धंदा फार जुना आहे, आणि त्यांतील अशुद्ध वर्ण व उलटीं अक्षरें हीच पुष्कळदां त्याची चुगली करतात.

शेवटीं आंकडा. येथें तीन निरनिराळीं मोलें आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यानेंच भांडणें होतात. विमा उतरविण्याचें मोल म्हणजे तशीच वस्तु पुन्हा मिळवावयास जो खर्च येईल तो. हें सर्वांत अधिक. विक्रीचें मोल म्हणजे कायदेशीर गिऱ्हाईक दलाली वजा जातां हातांत जें देईल तें. हें सर्वांत कमी. वाटणीचें मोल या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी, सर्वांच्या संमतीनें ठरवावयाचें. दुकानदार जो भाव मागतो, त्यावर जाऊं नये. तशीच वस्तु प्रत्यक्ष कितीस विकली गेली, तें पाहावें. जो घेणारा आहे, त्याच्याकडूनच किंमत करवून घेऊं नये. दोघां जाणकारांचीं मतें स्वतंत्रपणें, लेखी घ्यावीं ; तीं फार दूर असलीं, तर तिसऱ्याला विचारावें. आणि परवानाधारकाला विकावयाचें ठरलें, तरी जिल्हादंडाधिकारी किंवा ठाणेदार यांस गिऱ्हाइकाच्या नांवपत्त्यासह आधीं लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावें लागतें, हें विसरूं नये. कोणालाच बंदूक बाळगावयाची नसेल, तर कायद्याच्या वाटेनें एखाद्या संग्रहालयास ती देणें हाहि मार्ग आहे.

त्या तीन भावांचें काय झालें, हें वाचक विचारतीलच. जाणकारांनीं सांगितलेली किंमत ऐकून मधल्यांची निराशा झाली ; कोटींची गोष्ट राहो, चांगल्या म्हशीइतकीहि ती नव्हती, आणि पुतण्याच्या उत्साहानें त्यांतलाहि कांहीं भाग गेला होता. परंतु दप्तराच्या रुमालांत आजोबांचा १८७८ च्या कायद्याखालचा परवाना सांपडला. त्यांत बंदुकीचें वर्णन होतें, आणि नळीवरचीं जीं अक्षरें घांसून गेलीं होतीं, तीं त्या कागदावर शाबूत होतीं. थोरल्यांचा वारस म्हणून अर्ज मंजूर झाला. धाकट्या जावेच्या मनाप्रमाणें बंदूक कुलपांत गेली व किल्ली थोरल्यांपाशीं राहिली. दोघां भावांना त्यांचा वाटा रोख मिळाला. परवान्याच्या कागदाच्या तीन नकला करून तीन घरीं ठेवल्या.

त्या वर्षीं दसऱ्याला तिन्ही घरचीं माणसें थोरल्यांकडे जमलीं होतीं. काकूंनीं बंदुकीबरोबर तो जुना कागदहि पाटावर ठेवला आणि त्यालाहि हळदकुंकू वाहिलें. मोल कशाचें करावयाचें, हें त्यांना आमच्याहून आधीं कळलें होतें.